साठ टक्के तुमचे, पण सही कोणाची?

प्रश्न : मी एकटीच्या जिवावर कोरुगेटेड खोके बनवण्याचा छोटा कारखाना उभा केला आहे. शेड माझ्या नावावर आहे, यंत्रे जुनी पण कर्जमुक्त आहेत, आणि वर्षानुवर्षे टिकलेली गिऱ्हाइके आहेत. मागणी वाढली आहे. हाताने होणारे पेस्टिंग आता पुरे पडत नाही. स्वयंचलित यंत्रासाठी भांडवल मात्र नाही. मला क्राफ्ट पेपरचे रीळ पुरवणारे व्यापारी पैसे घालायला तयार आहेत. त्यांना ४० टक्के भागीदारी हवी आहे. ते म्हणतात, “६० टक्के तुमचेच आहेत, म्हणजे धंदा तुमच्याच ताब्यात राहणार.” त्यांनी पाठवलेला दोन पानी मसुदा सोबत जोडला आहे. सही करू का? कृपया नाव छापू नये.

उत्तर : या मसुद्यावर सही करू नका. समोरचा माणूस लबाड आहे असे मला म्हणायचे नाही. तुमच्या पत्रावरून तर तो व्यवहाराला सरळ वाटतो. पण “६० टक्के म्हणजे ताबा” हे त्यांचे म्हणणे भागीदारीच्या कायद्यात बसत नाही, आणि तुम्ही नेमक्या त्याच भरवशावर पुढे निघाला आहात.

हा समज येतो कंपनीच्या कायद्यावरून. खाजगी कंपनीत मते समभागांवर मोजतात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त समभाग, तो साधा ठराव एकट्याच्या बळावर मंजूर करून घेऊ शकतो. भागीदारीला लागू होतो भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२, आणि त्याचा हिशेब निराळा आहे. दस्तात वेगळे काही लिहिले नसेल, तर नित्याच्या कामातला मतभेद बहुमताने सुटतो आणि हे बहुमत माणसांचे मोजायचे, टक्क्यांचे नाही. तुम्ही दोघेच आहात. एक विरुद्ध एक झाले की बहुमत होतच नाही. तुमचे ६० टक्के फक्त नफा-तोटा वाटताना उपयोगी पडतील. खोक्याचा दर काय लावायचा, कोणाला कामावर ठेवायचे, कोणाची ऑर्डर आधी काढायची, यात त्या ६० टक्क्यांना काडीचे वजन नाही.

आता मसुदा घेऊ. त्यातल्या चार ओळींवर मी लाल पेन्सिलने खूण केली आहे.

पहिली ओळ : “फर्मच्या कामकाजात दोन्ही भागीदारांना समान अधिकार राहतील.” वाचायला गोड वाटते. प्रत्यक्षात, ज्या कारखान्यात आज तुमचा शब्द शेवटचा आहे, तिथे उद्यापासून कोणाचाच शब्द शेवटचा राहणार नाही. ही ओळ काढून तिथे असे काहीतरी घाला : “फर्मचे दैनंदिन व्यवस्थापन, कच्च्या मालाची खरेदी, विक्रीचे दर, कामगारांची नेमणूक व गिऱ्हाइकांशी करार हे अधिकार व्यवस्थापकीय भागीदार या नात्याने पहिल्या पक्षाकडे राहतील. नित्याच्या बाबींत मतभेद झाल्यास पहिल्या पक्षाचा निर्णय अंतिम राहील.” (पहिला पक्ष म्हणजे तुम्ही, दुसरा पक्ष म्हणजे ते.) कायदा याला पूर्ण मुभा देतो, भागीदारांचे आपसातले हक्क कराराने ठरवता येतात.

त्याबरोबर त्यांच्यासाठीही जागा ठेवा, आणि मनापासून ठेवा. पैसे त्यांचे गुंतणार आहेत. नवे कर्ज, तिसरा भागीदार, यंत्राची विक्री, धंद्याचे स्वरूप बदलणे, एवढ्या गोष्टी दोघांच्या लेखी संमतीशिवाय होणार नाहीत असे लिहून द्या. नवा भागीदार आणि धंद्याचे स्वरूप या दोन बाबतीत कायद्याचा मूळ नियमही सर्वांची संमती मागतो. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला असतोच. तुम्ही आपण होऊन दर महिन्याला विक्री, येणे आणि देणे यांचा तक्ता देण्याचे कबूल करा. ज्याला आकडे वेळेवर मिळतात तो रोजच्या कामात सहसा हात घालत नाही.

दुसरी ओळ : “बँक खाते कोणाही एका भागीदाराच्या सहीने चालेल.” ही मला सगळ्यात जास्त खटकली. भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मचा अभिकर्ता, म्हणजे एजंट, असतो. नेहमीच्या धंद्याच्या ओघात त्याने केलेली खरेदी, घेतलेली उधारी सगळ्या फर्मला बांधते. आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो, म्हणजे धनको सगळी रक्कम तुमच्या एकटीकडून मागू शकतो. “माझ्या वाट्याचे ६० टक्के घ्या, बाकीचे त्यांच्याकडून” असे त्याला सांगता येत नाही. तुमची राहती जागाही त्या देण्यातून सुटत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात भागीदाराने फर्मच्या लेटरहेडवर उधारीने माल उचलला आणि तो आपल्या दुसऱ्या धंद्यात वापरला. दस्तात स्पष्ट लिहिले होते की उधारीची खरेदी दोघांच्या सहीने होईल. माल देणाऱ्याला ती अट माहीत नव्हती. कायदा सांगतो की भागीदाराच्या अधिकारावर आपसात घातलेली मर्यादा, ती ज्याला ठाऊक नाही त्या त्रयस्थाला बांधत नाही. पैसे भरावे लागले मोठ्या हिश्श्याच्या भागीदाराला, कारण वसूल करण्याजोगे त्याच्याकडेच होते. भागीदाराविरुद्ध त्याचा दावा उभा राहिला, पण तो पुढच्या वर्षांचा खेळ.

म्हणून मर्यादा दस्तात लिहून थांबू नका. बँकेला खाते चालवण्याचे लेखी आदेश द्या : ठरलेल्या रकमेपर्यंत तुमची एकटीची सही, त्यावर दोघांची. त्यांच्या एकट्याच्या सहीने काहीही नाही. नेटबँकिंगलाही हेच लावा. चेकला दोन सह्या आणि मोबाइलवरून मात्र एकटा पैसे पाठवू शकतो असे पुष्कळ ठिकाणी राहून जाते. गोंद, शाई, स्टिचिंगची तार देणाऱ्या प्रत्येकाला एका ओळीचे पत्र पाठवा की फर्मची खरेदी ऑर्डर तुमच्या सहीशिवाय ग्राह्य नाही, आणि पोच घेऊन ठेवा. त्रयस्थाला मर्यादा माहीत होती हे ती पोच सांगेल.

तिसरी ओळ : “पहिल्या पक्षाच्या सध्याच्या व्यवसायातील सर्व स्थावर-जंगम मालमत्ता, नाव व नावलौकिक आजपासून फर्मची मालमत्ता समजली जाईल.” ताई, ही एक ओळ म्हणजे तुमचा सगळा कारखाना आहे. भागीदारीत टाकलेल्या वस्तूवर भागीदाराचा वेगळा हक्क उरत नाही. फर्म चालू असेपर्यंत “ही शेड माझी” असे कोणालाही म्हणता येत नाही; भागीदाराचा वाटा म्हणजे नफ्यातला हिस्सा आणि शेवटी देणी फेडून जे उरेल त्यातला हिस्सा. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६६ सालीच अड्डंकी नारायणप्पा खटल्यात स्पष्ट केले आहे.

आकड्यांत बघा. समजा शेड हिशेबात २० लाखांना धरली, तर तुमच्या भांडवल खात्यावर २० लाख जमा होतील. काही वर्षांनी फर्म मोडली आणि शेड ५० लाखांना गेली, तर वरच्या ३० लाखांतले १२ लाख त्यांचे. ज्या शेडसाठी त्यांनी एक रुपया घातला नाही, तिच्या वाढलेल्या किमतीतले ४० टक्के. शिवाय मालमत्ता फर्ममध्ये आणताना तुमच्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, तो वेगळाच.

शेड बाहेर ठेवा. ती तुमच्या नावावरच राहू द्या आणि फर्मला भाड्याने द्या, भाडेकरार वेगळा करा, भागीदारी संपली की तोही ठरलेल्या मुदतीत संपेल असे लिहा. जुनी यंत्रे हवी तर मूल्य ठरवून भांडवल म्हणून घाला. पाच वर्षांत त्यांची किंमत वाढणार नाही, उलट घटेल, म्हणून तिथे मला फारशी भीती नाही. नावाचे मात्र शेडसारखेच करा. व्यापारचिन्ह आपल्या नावावर नोंदवून घ्या (नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते) आणि फर्मला फक्त वापरण्याचा परवाना द्या. गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या डाय (खोका कापण्याचे साचे) आणि छपाईचे ब्लॉक यांचीही यादी करून कोणत्या कोणाच्या ते दस्ताच्या परिशिष्टात लिहा. त्यातल्या काही गिऱ्हाइकांच्या मालकीच्याही असतील.

चौथी ओळ शेवटच्या परिच्छेदात आहे : “ही भागीदारी ऐच्छिक राहील.” चार शब्द आहेत, पण अर्थ असा की कोणीही भागीदार दुसऱ्याला एक लेखी नोटीस देऊन फर्म विसर्जित करू शकतो. ४० टक्केवालाही. तुमच्या हातात मोठी ऑर्डर आहे, नवे यंत्र नुकतेच बसले आहे, आणि एका कागदाने सगळे थांबते. प्रत्यक्षात नोटीस येणारही नाही कदाचित. ती येऊ शकते एवढ्यानेच दर वेळी तुम्हाला नमते घ्यावे लागेल. मुदत ठरवा, उदाहरणार्थ ५ वर्षे, आणि मुदतीआधी बाहेर कसे पडायचे तेही लिहा. तसे लिहिले की भागीदारी ऐच्छिक राहत नाही.

इथे दोघांच्याच फर्मची एक अडचण आहे, आणि बहुतेक छापील मसुद्यांत ती नजरेतून सुटते. “एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपणार नाही” असे कलम सगळीकडे डोळे मिटून घातले जाते. तीन-चार भागीदार असतील तर ते चालते. दोघांपैकी एक गेला तर फर्म उरतच नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही; सर्वोच्च न्यायालयाने गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात हेच सांगितले आहे. एक निवृत्त झाला तरी परिस्थिती तीच. म्हणून तुमच्या दस्तात वेगळे कलम हवे : दुसरा पक्ष निवृत्त झाला, मरण पावला किंवा दिवाळखोर ठरला, तर संपूर्ण धंदा येणे-देण्यासह, चालू ऑर्डरींसह आणि नव्या यंत्रासह पहिल्या पक्षाने एकल मालक म्हणून पुढे चालवावा, आणि दुसऱ्या पक्षाला किंवा त्याच्या वारसांना ठरलेल्या पद्धतीने काढलेली रक्कम द्यावी.

ती पद्धत आजच ठरवा, भांडण नसताना. त्यांच्या भांडवल खात्याची शिल्लक, अधिक गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर ठरवलेला नावलौकिकाचा मोबदला, असे साधे सूत्र पुरते. नाव तुमचेच असल्यामुळे हा मोबदला माफक ठेवण्याचा आग्रह धरा. रक्कम हप्त्यांनी देण्याची सोय आणि हप्त्यांवरचे व्याज लिहून ठेवा. हे ठरवले नाही आणि हिशेब न मिटवता तुम्ही धंदा चालवत राहिलात, तर निघून गेलेला भागीदार त्याच्या पैशाच्या वापरातून झालेला नफा मागू शकतो किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. यातले काय घ्यायचे ते तो निवडतो.

आता ज्या गोष्टीचा मसुद्यात उल्लेखही नाही तिच्याकडे येते, आणि माझ्या मते तीच तुमच्या व्यवहाराचा गाभा आहे. तुमचे होणारे भागीदार तुम्हाला कागद विकतात. खोक्याच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा कागदाचा. उद्या फर्म त्यांच्याकडूनच रीळ घेणार, आणि दर किलोमागे थोडा चढा लावला तर नफा फर्मच्या वहीत येण्याआधीच त्यांच्या दुकानात जमा होईल. तिथे तुमचे ६० टक्के लागू नाहीत. तुमच्या हाती वाटायला येईल ते उरलेले. आणि हे करण्यासाठी माणूस वाईट असायला हवा असेही नाही. दोन खिशांपैकी एक पूर्ण आपला असला की हात आपसूक तिकडे जातो.

कायदा याबाबत जागा आहे. भागीदारांनी एकमेकांशी सचोटीने वागावे, खरा हिशेब द्यावा असे तो सांगतो, आणि फर्मच्या व्यवहारातून एखाद्याने परस्पर नफा काढला तर तो फर्मला परत करायला लावतो. पण तो नफा सिद्ध करायला त्यांच्या दुकानाच्या वह्या तपासाव्या लागतील. त्यापेक्षा दस्तात लिहा : कागद कोणाकडून घ्यायचा हे व्यवस्थापकीय भागीदार ठरवेल, दुसऱ्या पक्षाकडून घ्यायचा असेल तर त्याच जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन) आणि बर्स्टिंग फॅक्टरच्या (फाटण्याआधी दाब सोसण्याची ताकद) कागदाचे आणखी दोन पुरवठादारांचे लेखी दर घेतले जातील, दुसऱ्या पक्षाचा दर त्यातल्या कमी दरापेक्षा जास्त असणार नाही, उधारीची मुदतही बाजारात मिळते तितकीच राहील. या कलमावर त्यांचा चेहरा कसा होतो ते जरूर पाहा. सहज हो म्हणाले, तर माझी निम्मी काळजी मिटेल.

तुमच्या पगाराचेही मसुद्यात काही नाही. दस्तात तरतूद नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही. सकाळी शटर उघडण्यापासून गाडी भरून जाईपर्यंत तुम्ही उभ्या, आणि नफ्याची वाटणी मात्र ६०-४०, असे होईल. आधी तुमचे मानधन, मग त्यांच्या भांडवलावर ठरलेले व्याज, आणि मग उरलेल्याची वाटणी, हा क्रम लिहा. आयकरातही भागीदाराच्या मानधनाची आणि व्याजाची वजावट फर्मला दस्तात तरतूद असेल तरच मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत.

एवढे सगळे सांगितल्यावर एक मूळ प्रश्न विचारते. त्यांना धंद्यात हात हवा आहे की पैशावर चांगला परतावा? परतावाच हवा असेल तर भागीदारी कशाला? यंत्रापुरते कर्ज घ्या. व्याजाऐवजी नफ्यातला ठरावीक हिस्सा द्यायचा करारही करता येतो. कर्ज देणाऱ्याला नफ्यातला वाटा मिळतो एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही, हे कायद्यातच आहे. दुसरा मार्ग असा की जुना धंदा तुमच्या एकटीचा जसाच्या तसा राहू द्या आणि भागीदारी फक्त नव्या यंत्रावरच्या कामाची करा. मग कोणती गिऱ्हाइके कुठे हे परिशिष्टात स्पष्ट हवे, आणि पहिल्या पक्षाचा जुना धंदा ही स्पर्धा मानली जाणार नाही हेही हवे, कारण भागीदाराने स्पर्धेचा धंदा केला तर त्याचा नफा फर्मला द्यावा लागतो. नव्या फर्मला वेगळा पॅन आणि वेगळा जीएसटी क्रमांक लागेल. या मार्गात तुमचे जुने क्रमांक आणि गिऱ्हाइकांकडची व्हेंडर नोंदणी हलवावी लागणार नाही. तुमच्या जागी मी आधी हा मार्ग त्यांच्यापुढे ठेवला असता.

काहीही ठरले तरी दस्त मुद्रांकावर करून फर्मची नोंदणी निबंधकांकडे करा. नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर करारातला हक्क बजावण्यासाठी भागीदाराविरुद्ध किंवा थकबाकी ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध दावा लावता येत नाही.

प्रश्न : आम्ही दोन मित्र तोंडी ठरवून धंदा करतो. दस्त नाही, नोंदणी नाही. आता तो हिशेब दाखवत नाही. माझे काही चालेल का?

उत्तर : तोंडी भागीदारीही भागीदारीच असते. वेगळे काही ठरल्याचे दाखवता आले नाही तर नफा-तोटा निम्मा-निम्मा धरला जाईल, आणि वह्या पाहण्याचा तुमचा हक्क कायम आहे. अडचण अशी की नोंदणी करायची तर अर्जावर सगळ्या भागीदारांची सही लागते, आणि ती तो देणार नाही. मात्र फर्मचे विसर्जन आणि हिशेब यासाठीचा दावा नोंदणी नसतानाही लावता येतो. मुदत ठरलेली नसेल तर आधी विसर्जनाची लेखी नोटीस द्या. त्याआधी बँकेचे उतारे, जीएसटी विवरणपत्रे, तुमच्या नावाने गेलेली बिले, मोबाइलवरचे निरोप यांच्या नकला एका जागी करून घ्या. नोटीस पोहोचल्यावर त्या मिळणे कठीण होईल.

प्रश्न : एलएलपी केली तर ताब्याचा प्रश्न सुटतो का?

उत्तर : देण्याचा सुटतो, ताब्याचा नाही. २००८ च्या कायद्याने होणाऱ्या मर्यादित दायित्व भागीदारीत, म्हणजे एलएलपीत, दुसऱ्या भागीदाराच्या कृत्याचे देणे सहसा तुमच्या घरापर्यंत येत नाही, आणि हा मोठाच दिलासा आहे. पण करार केला नाही तर तिथेही नफा समान आणि प्रत्येकाला व्यवस्थापनात भाग घेण्याचा हक्क, असेच मूळ नियम लागतात. दरवर्षीची विवरणपत्रे वेळेत भरावी लागतात, उशीर जितका जास्त तितका दंड वाढतो. उधारीचा व्यवहार मोठा असेल तर हा खर्च करण्याजोगा आहे. बँकेने कर्जासाठी तुमची वैयक्तिक हमी घेतली असेल, तर तेवढ्यापुरते हे संरक्षण उपयोगाचे नाही. हमीच्या कागदावर सही करताना रक्कम आणि मुदत वाचून घ्या.